काविळीत यकृत काम किती करतंय? लिग्नोकेनने घेतलेल्या एका परीक्षेचं प्रकरण

काविळीच्या पेशंटचा रिपोर्ट आला की नातेवाइकांचं बोट आधी जातं ते एसजीपीटीवर. चाळीसच्या आसपास असायला हवा तो आकडा 1800 दिसतो आणि घरात धावपळ उडते. आठवड्याने तोच 300 वर आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दोन्ही वेळा घाई होते. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आतलं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. म्हणजे हा आकडा झालेल्या मोडतोडीचा असतो, उरलेल्या पेशी काम किती करताहेत ते तो सांगत नाही. साखर कारखान्याच्या आवारातलं भंगार मोजून आज किती टन ऊस गाळला ते कसं कळणार? उलट व्हायरल हेपॅटायटिस हाताबाहेर जाऊन यकृत निकामी व्हायला लागतं, तेव्हा एसजीपीटी झपाट्याने उतरतो, कारण फुटायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. त्याच दिवसांत बिलिरुबिन, म्हणजे पिवळेपणा आणणारं रंगद्रव्य, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वर चढत असतात. असा ‘सुधारलेला’ एसजीपीटी पाहून निर्धास्त झालेलं घर ही वॉर्डातली फार वाईट गोष्ट असते.

मग काम मोजायचं कसं? सरळ मार्ग एकच: यकृताला काम द्यायचं आणि ते किती वेळात उरकतं ते बघायचं. शरीरात असा एक पदार्थ सोडायचा, ज्याची विल्हेवाट जवळजवळ पूर्णपणे यकृतच लावतं, आणि तो रक्तातून किती वेगाने नाहीसा होतो ते मोजायचं. या कामासाठी निवडलं गेलेलं एक औषध प्रत्येक दवाखान्याच्या ट्रेमध्ये असतं. दात काढताना हिरडीत देतात, जखमेला टाके घालताना कातडीखाली देतात, ते लिग्नोकेन. आपल्याकडे पेशंटपासून कंपाउंडरपर्यंत सगळे त्याला झायलोकेन म्हणतात, अमेरिकी पुस्तकांत ते लिडोकेन असतं.

हे प्रकरण आहे 1976 साली सॅन फ्रान्सिस्कोमधून प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाचं. तीव्र व्हायरल हेपॅटायटिसचे सहा रुग्ण, दोन औषधं, आणि प्रत्येक रुग्णावर दोनदा केलेली मोजणी. आकाराने किरकोळ. पण यकृताच्या आजारात औषधांचं काय होतं यावर आज वर्गात जे शिकवतो, त्यातला बराच भाग या अभ्यासात आणि त्याच्या भावंडांत सापडतो.

भुलीचं औषध यकृताच्या परीक्षेला कसं बसलं

लिग्नोकेन 1943 साली स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी तयार केलं. त्याचं सांकेतिक नाव होतं एलएल 30. लुंडक्विस्टने ते स्वतःलाच टोचून बघितलं होतं. 1948 मध्ये आस्ट्रा कंपनीने ते झायलोकेन नावाने बाजारात आणलं. पुढे लक्षात आलं की हे औषध हृदयाचे बेताल ठोकेही आवरतं. साठ-सत्तरच्या दशकांत हार्ट अटॅकच्या पेशंटला शिरेतून लिग्नोकेनचं ड्रिप लावणं ही अतिदक्षता विभागातली नित्याची गोष्ट झाली.

आणि ड्रिप आलं की प्रश्न आला. हिरडीत दिलेलं लिग्नोकेन थोडं असतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. ड्रिप मात्र तासन् तास चालू असतं. रक्तातली पातळी दर मिलिलिटरला साधारण दीड ते पाच मायक्रोग्रॅम असेल तर औषध काम करतं. त्याच्या वर गेलं की ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते, कानात आवाज येतो, पेशंट बरळायला लागतो, आणि अजून वर गेलं तर झटके येतात. म्हणजे डोस आणि विषबाधा यांत फारसं अंतर नाही. औषध बाहेर टाकणारं यकृतच आजारी असेल तर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने 1973 मध्ये हेच तपासलं. निरोगी माणसात लिग्नोकेनचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण पावणेदोन तास. जुनाट यकृतविकार असलेल्यांत तो पाच तासांच्या घरात गेला. किडनी निकामी झालेल्यांत जवळपास नेहमीसारखाच राहिला. हार्ट फेल्युअरमध्ये एक गंमत झाली: औषध बाहेर पडण्याचा वेग घटला, पण ते शरीरात जेवढी जागा व्यापतं तीही आक्रसली, त्यामुळे अर्धायुकाल बराचसा पूर्वीसारखाच दिसला. नुसता अर्धायुकाल पाहून निर्णय घेऊ नये, हे तिथेच सिद्ध झालं होतं. तरी आजही तोच पाठ केला जातो, कारण तो लक्षात ठेवायला सोपा आहे.

सिरॉसिसमध्ये यकृत जून, घट्ट आणि गाठीगाठींचं झालेलं असतं, रक्त आडवाटेने निघून जातं. तिथे औषध साचणं अपेक्षितच होतं. खरी उत्सुकता होती ती तीव्र व्हायरल हेपॅटायटिसबद्दल. इथे कालपर्यंत धडधाकट असलेलं यकृत अचानक सुजतं, पिवळेपणा येतो, आणि बहुतेकांत काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं. अशा यकृताची काम करण्याची ताकद खरंच घटते का, की नुसता रिपोर्टच भयंकर दिसतो?

मोजणीची रचना

या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिची तुलना. आजारी माणसांचा एक गट आणि निरोगी माणसांचा दुसरा, अशी नेहमीची मांडणी केली असती तर सहा जणांत काहीच सिद्ध झालं नसतं, कारण लिग्नोकेन पचवण्याची ताकद माणसामाणसांत भरपूर वेगळी असते. इथे तोच माणूस दोनदा तपासला: एकदा काविळीच्या ऐन भरात, आणि पुन्हा बरा झाल्यावर. प्रत्येक जण स्वतःचाच तुलनेचा माणूस. हेपॅटायटिससारखा, येऊन निघून जाणारा आजार अशा रचनेला फारच सोयीचा. सिरॉसिसमध्ये ही चैन करता येत नाही.

लिग्नोकेनच्या जोडीला इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग होता. त्याचं यकृतात रूपांतर होत नाही, यकृताच्या पेशी तो उचलतात आणि जसाच्या तसा पित्तात टाकतात. लिग्नोकेनला मात्र पेशीतल्या एन्झाइमांकडून बदलून घ्यावं लागतं. दोन्ही पदार्थ यकृत एका फेरीत मोठ्या प्रमाणात उचलतं, पण पुढच्या वाटा वेगळ्या. त्यामुळे बिघाड कुठल्या पायरीवर आहे, याचा थोडा अंदाज मिळायची शक्यता होती.

1976 मध्ये ‘व्हायरल हेपॅटायटिस’ म्हणजे नेमका कोणता, हे सांगणं आजच्याइतकं सोपं नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. बी विषाणूचा प्रतिजन सापडलेला होता आणि त्या शोधासाठी बरूख ब्लमबर्ग यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. ए विषाणू 1973 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. सी विषाणू ओळखायला 1989 उजाडलं. आणि आपल्याकडच्या पावसाळी काविळीत ज्याचा वाटा मोठा, तो ई विषाणू तर 1983 पर्यंत कुणी पाहिलाच नव्हता. 1955-56 ची दिल्लीतली यमुनेच्या पाण्यातून पसरलेली प्रचंड साथ त्याचीच होती, हे खूप नंतर कळलं.

काय आढळलं

आजाराच्या भरात लिग्नोकेनचा अर्धायुकाल सरासरी 160 मिनिटं होता, बरं झाल्यावर 108 मिनिटं. औषध बाहेर टाकण्याचा वेग, म्हणजे क्लिअरन्स, आजारात घटलेला होता आणि नंतर सावरला.

हे आकडे ठोस रूपात बघू. साठ किलोच्या माणसाला 60 मिलिग्रॅम लिग्नोकेन शिरेतून दिलं, असं धरा. दोन टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम असतात, म्हणजे हे अवघं तीन मिलिलिटर. बऱ्या झालेल्या माणसात साडेपाच तासांनी साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उरेल. काविळीच्या भरात त्याच वेळी सुमारे 15. सिरॉसिसचा पाच तासांचा अर्धायुकाल धरला तर 28. एकाच इंजेक्शनपुरतं बघितलं तर यातला कुठलाच आकडा घाबरवणारा नाही. ड्रिप चालू असेल तर मात्र हिशोब वेगळा होतो, त्याकडे शेवटी येऊ.

मधली पायरी जास्त महत्त्वाची आहे. अर्धायुकालातला फरक पाहिला आणि औषधाने व्यापलेली जागा तीच धरली, तर क्लिअरन्स साधारण एक तृतीयांशाने घटलं असं निघतं. मग यकृताची ताकदही एक तृतीयांशानेच घटली का? नाही. इथेच या परीक्षेची खुबी आहे आणि मेखही.

यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं लिग्नोकेन एका फेरीत सत्तर टक्क्यांच्या आसपास खेचून घेतलं जातं. गोळी करून दिलं तर आतड्यातून थेट यकृतात जाऊन बहुतेक तिथेच संपतं, म्हणून लिग्नोकेनची गोळी नसते. यकृत इतकं ओढून घेणारं असलं की औषध किती लवकर संपेल हे दोन गोष्टींवर ठरतं: एन्झाइमांची ताकद आणि रक्त येण्याचा वेग. याच विद्यापीठातल्या माल्कम रोलँड, लेस्ली बेनेट आणि ग्रॅहम यांनी 1973 मध्ये यासाठी एक साधं गणित मांडलं. त्या गणितात आकडे घालून बघितले तर निघतं की रक्तप्रवाह तोच ठेवून एन्झाइमांची ताकद निम्मी केली तरी लिग्नोकेनचं क्लिअरन्स जेमतेम तेवीस टक्क्यांनी खाली येतं. उरलेली निम्मी ताकदही समोर येणारं बरंचसं औषध खेचून घेत राहते. तेच उलटं वाचलं तर: क्लिअरन्स एक तृतीयांशाने घटलेलं दिसत असेल, तर आतली ताकद साठ टक्क्यांच्या वर घटलेली असू शकते.

हा हिशोब माझा आहे, आणि यकृत म्हणजे नीट ढवळलेलं एक भांडं आहे असं गृहीत धरून केलेला आहे. सुजलेल्या यकृतात काही रक्त पेशींना न भेटताच निघून जातं, त्याची नोंद या गणितात नाही. तरीही मुद्दा पक्का राहतो. लिग्नोकेनची परीक्षा यकृताचं नुकसान कमी करून दाखवते. सौम्य बिघाडात ती जवळजवळ उत्तीर्णच करते.

सहा जणांची सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. सगळ्यांच्यात घट सारखी असणार नव्हती. आणि हे सगळे बरे होणारे रुग्ण होते. ज्यांच्यासाठी अशी चाचणी खरी उपयोगी पडावी, त्या बेशुद्धीच्या कडेवरच्या पेशंटबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही.

त्याच प्रयोगशाळेतली इतर औषधं

एकट्या लिग्नोकेनचा निकाल वाचला तर ‘हेपॅटायटिसमध्ये यकृताचं औषध पचवणं मंदावतं’ असा सोपा निष्कर्ष निघेल. पण याच गटाने त्याच दोन-तीन वर्षांत, त्याच पद्धतीने इतर औषधंही तपासली होती, आणि तिथलं चित्र वेगळंच निघालं. फेनिटॉइन या फिटच्या औषधाच्या क्लिअरन्सवर तीव्र हेपॅटायटिसचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचंही तेच. आणि मधुमेहावरचं तेव्हाचं औषध टॉलब्युटामाइड तर आजारात जास्तच लवकर बाहेर पडलं!

याचं स्पष्टीकरण मोठं सुंदर आहे. ही तिन्ही औषधं रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून असतात, आणि यकृत एका फेरीत त्यांचा थोडासाच भाग उचलतं. काविळीत टॉलब्युटामाइडची प्रथिनांवरची पकड सैल झाली, मोकळं औषध वाढलं, यकृताच्या पेशींसमोर जास्त माल आला, आणि त्यांनी तो उचलला. म्हणजे त्याच काविळीत, तेच यकृत, एका औषधाच्या परीक्षेत नापास, दोनमध्ये पास, आणि एकात पहिल्यापेक्षा जास्त गुण घेऊन वर.

त्यामुळे ‘यकृताचं कार्य’ असा एकच आकडा असतो, ही कल्पनाच मला फसवी वाटते. यकृत शेकडो कामं करतं. कुठलीही परीक्षा त्यातल्या एकाचंच मोजमाप करते. लिग्नोकेन सांगतं ते सायटोक्रोम कुळातल्या दोनेक एन्झाइमांबद्दल आणि रक्तप्रवाहाबद्दल, दोन्हींची सरमिसळ करून.

हॅनोव्हरची पंधरा मिनिटं

क्लिअरन्स मोजायचं म्हणजे तासन् तास थोड्या थोड्या वेळाने रक्त काढत बसायचं. संशोधनात ते चालतं, वॉर्डात नाही. यातून वाट काढली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मिशाएल ओएलेरिश आणि सहकाऱ्यांनी. तिथे यकृत प्रत्यारोपणाचं मोठं केंद्र होतं. दात्याचं यकृत घेण्याजोगं आहे का आणि यादीतला कोण जास्त थांबू शकत नाही, हे दोन्ही प्रश्न तिथे रोज उभे असत.

त्यांनी प्रश्नच उलटा केला. लिग्नोकेन किती संपलं हे मोजण्याऐवजी त्यापासून तयार काय झालं ते मोजायचं. यकृतातली एन्झाइमं लिग्नोकेनच्या रेणूतला एक एथिल गट तोडतात आणि मोनोएथिलग्लायसिनझायलिडाइड नावाचा पदार्थ तयार होतो. हे नाव कुणाच्याच तोंडात बसत नाही, म्हणून सगळे त्याला मेगएक्स म्हणतात. 1987 मध्ये त्यांनी ही चाचणी मांडली.

पद्धत अशी. आधी एक कोरा नमुना घ्यायचा, कारण पेशंटला आदल्या दिवशी कुठे लिग्नोकेन दिलं गेलं असेल तर ते इथेच पकडलं जातं. मग वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम या हिशोबाने लिग्नोकेन शिरेतून, एक-दोन मिनिटं घेत, सावकाश द्यायचं. बाटली अॅड्रेनॅलिन नसलेलीच हवी, दाताच्या दवाखान्यातली चालणार नाही. ईसीजीचा मॉनिटर लावलेला असावा. काहींना क्षणभर गरगरतं, ओठ बधिर वाटतात, कानात गुंजारव होतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत ते जातं. हार्ट ब्लॉक किंवा फिटचा आजार असलेल्यांवर ही चाचणी करायची नाही. बरोबर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या हातातून रक्त घ्यायचं, ज्या शिरेतून औषध दिलं तिच्यातून नव्हे. दोन नमुन्यांतल्या मेगएक्समधला फरक हे उत्तर. निरोगी माणसात ते लिटरला ढोबळमानाने 50 ते 100 मायक्रोग्रॅम असतं. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या सिरॉसिसच्या ज्या रुग्णांत ते 10 च्या खाली गेलं, त्यांचा पुढचा काळ फार अवघड असल्याचं दिसलं.

पंधरा मिनिटांत उत्तर, तेही ओळखीच्या औषधाने. नव्वदच्या दशकात या चाचणीने बरीच आशा जागवली, आणि साहजिकच ती हेपॅटायटिसकडेही वळली.

हेपॅटायटिसमध्ये गाडी कुठे अडली

बी आणि सी विषाणूंच्या जुनाट हेपॅटायटिसमध्ये प्रश्न असा असतो की यकृतात व्रण किती साचले आहेत, सिरॉसिस झाला आहे का. तेव्हा हे कळायला सुई घालून बायॉप्सी करावी लागे. मेगएक्सने ती टळेल का? अमेरिकेतून 1994 मध्ये आलेल्या एका अभ्यासात बायॉप्सीतला बिघाड आणि मेगएक्स शेजारी ठेवून पाहिले. कल अपेक्षेप्रमाणेच होता: सिरॉसिस झालेल्यांत मेगएक्स स्पष्ट कमी. पण सौम्य हेपॅटायटिस आणि निरोगी यकृत यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले. वर केलेलं गणित आठवा. पहिली बरीच पडझड ही परीक्षा गिळून टाकते, म्हणून हा निकाल यायलाच हवा होता. ज्या टप्प्यावर उपचार सुरू करून फायदा होतो, नेमक्या त्याच टप्प्यावर ती बोलत नाही.

दुसरी अडचण औषधांची. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर एन्झाइमं चेकाळतात आणि आकडा फुगतो. बुरशीवरचं कीटोकोनॅझोल, एरिथ्रोमायसिन यांनी तो पडतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत तो कमी येतो. सिरॉसिसच्या पेशंटला रक्ताच्या उलट्या होऊ नयेत म्हणून दिलेलं प्रोप्रानोलॉल यकृताकडे जाणारं रक्तच कमी करतं, त्यामुळे औषध चालू केल्यावर यकृत ‘बिघडलेलं’ दिसतं. भारतातल्या वॉर्डात कावीळ आणि क्षयाची औषधं ही जोडी किती वेळा भेटते हे सांगायला नको. तिथे मेगएक्सचा आकडा वाचणं म्हणजे आधी पेशंटची सगळी औषधांची पिशवी उलटी करणं.

इटलीत पादुआच्या गटाने 2004 मध्ये आणखी एक गाठ सोडवली. लिग्नोकेनचं मुख्य काम सायटोक्रोम कुळातलं 3ए4 हे एन्झाइम करतं असं बराच काळ मानलं जात होतं. त्यांनी दाखवलं की प्रत्यक्ष शरीरात त्याच कुळातल्या 1ए2 चा वाटा मोठा आहे. फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध देऊन 1ए2 बंद केलं की निरोगी माणसात लिग्नोकेनचं क्लिअरन्स जोरात पडतं, पण यकृत जितकं जास्त बिघडलेलं तितका हा परिणाम कमी, कारण बंद करायला तिथे फारसं 1ए2 उरलेलंच नसतं. म्हणजे आजाराच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर ही परीक्षा वेगवेगळ्या एन्झाइमांची घेतली जात होती.

मग इतर साधनांनी तिची जागा घेतली. यकृताचा घट्टपणा बाहेरून मोजणारं फायब्रोस्कॅन आलं. 2002 पासून अमेरिकेत प्रत्यारोपणाची यादी मेल्ड स्कोअरवर लावली जाऊ लागली. त्यात तेव्हा बिलिरुबिन, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि आयएनआर, तिन्ही कुठल्याही लॅबमध्ये होणाऱ्या तपासण्या. माझ्या मते मेगएक्सला हरवलं ते या साधेपणानेच. एखाद्या रुग्णाची स्वतःशीच, दर काही दिवसांनी तुलना करायची असेल तर ती अजूनही चांगली चाचणी आहे, जसा 1976 चा अभ्यास होता. दोन वेगळ्या माणसांची तुलना करून कोण जास्त आजारी ते ठरवायला मात्र मी ती वापरणार नाही.

आपल्या वॉर्डात

महाराष्ट्रात तीव्र व्हायरल हेपॅटायटिस म्हणजे मुख्यतः दूषित पाण्यातून येणारे ए आणि ई. 2012 मध्ये इचलकरंजीत ई ची मोठी साथ आली होती. अशा साथीत डॉक्टरला हवं असतं एकच: शेकडो पिवळ्या माणसांतून बिघडणारा कोण ते ओळखणं. त्यासाठी आयएनआर पुरतो. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं आणि त्यातला सातवा घटक काही तासांतच संपतो, त्यामुळे कारखाना थांबला की ते लगेच कळतं. पिवळेपणा जास्त दिवस राहिला असेल तर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन आयएनआर पुन्हा बघायचा, कारण पित्त आतड्यात उतरलं नाही की ते जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि यकृतावर नाहक आळ येतो. आयएनआर दीडच्या वर गेला आणि पेशंट रात्री जागा, दिवसा झोपाळू, उत्तरं चुकीची देणारा झाला, की मोठ्या केंद्रात हलवायला उशीर करायचा नाही. गावाकडे अजूनही कावीळ ‘उतरवून’ घेतात, हात चुन्याच्या पाण्यात धुतात आणि पाणी पिवळं झालं की आजार निघाला म्हणतात. ते पिवळेपण चुन्याचं आणि हाताला चोळलेल्या सालीचं असतं, बिलिरुबिनचा त्यात काही संबंध नाही. मात्र त्या दोन-चार फेऱ्यांत गेलेले दिवस पेशंटचे असतात.

लिग्नोकेनचा खरा प्रश्न आपल्याकडे येतो तो दुसऱ्या दाराने. सातव्या-आठव्या महिन्यानंतर ई हेपॅटायटिस झालेली गरोदर बाई हा इथल्या प्रसूतिगृहांतला ओळखीचा आणि जिवावरचा प्रसंग. ती कळा देत आली, टाके घालायचे आहेत, लिग्नोकेन द्यायचं का? द्यायचं. एक टक्क्याचं दहा-पंधरा मिलिलिटर म्हणजे 100 ते 150 मिलिग्रॅम. एकदाच दिलेला हा डोस मंदावलेलं यकृतही पार पाडतं, कारण सुरुवातीची पातळी औषध शरीरात किती पसरतं यावर ठरते आणि ते हेपॅटायटिसमध्ये फारसं बदललेलं नसतं. तिथे मी जास्त घाबरेन ते आयएनआरला. पाठीत एपिड्युरलची सुई घालण्याआधी तो बघायलाच हवा, नाहीतर मणक्यात रक्त साचून पाय जाऊ शकतात.

ड्रिपचं मात्र वेगळं. समजा अशाच काविळीच्या पेशंटला हृदयाच्या बेताल ठोक्यांसाठी लिग्नोकेन लावावं लागलं. पहिला बोलस, म्हणजे सुरुवातीला एकदम दिलेला डोस, नेहमीचाच, त्यात कपात करायचं कारण नाही. कमी करायचा तो पुढचा ड्रिपचा वेग, आणि तो निम्म्यावर आणणं हे धोपटमार्गाचं धोरण आहे. पातळी स्थिरावायला चार-पाच अर्धायुकाल लागतात. निरोगी माणसात हे नऊ तास, तीव्र हेपॅटायटिसमध्ये तेराच्या पुढे, सिरॉसिसमध्ये जवळपास पूर्ण दिवस. दुपारी चारला सुरू केलेल्या ड्रिपची पातळी काविळीच्या पेशंटमध्ये पहाटे पाचपर्यंत चढतच असते. म्हणून रात्री दहाला पेशंट ठीक बोलतोय एवढ्यावर वेग पक्का करू नये. ड्युटी बदलताना पुढच्याला ओठांच्या मुंग्या आणि बरळणं यांवर लक्ष ठेवायला सांगावं, आणि पहाटे तो बडबडायला लागला तर यकृताची गुंगी समजून लॅक्टुलोज हे त्या गुंगीवरचं औषध वाढवण्याआधी ड्रिप बंद करून बघावं.